माशाच्या भावना अभ्यासायच्या कशा: टाकीसमोर बसणाऱ्यांसाठी

टाकीसमोर बसून “आज हा खूश आहे” असं सांगणारे पुष्कळ भेटतात. “माशाला कसल्या भावना!” म्हणणारेही भेटतात. दोघांनाही मी एकच विचारते: कशावरून? पहिला माशाच्या चेहऱ्यात माणसाचा चेहरा शोधत असतो, आणि दुसऱ्याने बहुतेक वेळा माशाकडे नीट पाहिलेलंच नसतं.

माझं काम माशांच्या वर्तनाच्या चित्रफिती पाहून नोंदी करण्याचं. सहा-सहा मिनिटांच्या फिती, कधी मंद गतीने, कधी मागे नेऊन पुन्हा: मासा कुठे आहे, किती वेळ थांबला, कुणाजवळ गेला, कशापासून लांब पळाला. हे करता करता माझी खात्री पटली आहे की माशाच्या भावनांचा अभ्यास करता येतो आणि त्यातला बराचसा भाग घरच्या टाकीपुढे बसूनही नीट करता येतो. अट एवढीच, की मासा कसा दिसतो यावरून काही ठरवायचं नाही. भाव उमटवणारे चेहऱ्याचे स्नायू त्याला नसतात. ओठांचे कोपरे खाली वळलेले असतील तर ती त्या जातीच्या जबड्याची ठेवण असते, उदासी नव्हे. माशासमोर एखादी निवड ठेवायची, आणि ती अशी ठेवायची की आपल्या समजुतीच्या उलट उत्तर द्यायची त्याला पूर्ण मोकळीक राहील. पुढे लिहिलंय ते सगळं ही मोकळीक कशी राखायची याबद्दल आहे.

मोजायचं काय

माणूस आपल्याला काय वाटतं ते सांगतो. मासा सांगत नाही, म्हणून संशोधक बाहेरून मोजता येतील अशा गोष्टी धरतात: शरीरातला बदल, वागण्यातला बदल आणि निर्णयातला बदल. शरीरातल्या बदलांत कॉर्टिसॉल हा ताणाचा संप्रेरक मुख्य. ताण आला की माशाच्या मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला संदेश देतो, ती मूत्रपिंडाच्या पुढच्या भागातल्या पेशींना देते, आणि त्या पेशी रक्तात कॉर्टिसॉल सोडतात. त्यातलं थोडं कल्ल्यांवाटे पाण्यात येतं, त्यामुळे प्रयोगशाळेत नुसतं पाणी तपासूनही अंदाज घेता येतो. घरी हे जमणार नाही. वागणं आणि निर्णय मात्र घरी मोजता येतात, आणि माझ्या मते निर्णय हा या तिन्हींतला सर्वांत बोलका भाग आहे.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की बसवून घ्या. माइक मेंडल आणि एलिझाबेथ पॉल हे संशोधक प्राण्यांच्या भावनांकडे दोन अक्षांवर बघतात. एक अक्ष सुखद ते दुःखद, दुसरा शांत ते उत्तेजित. नवख्या निरीक्षकाचा गोंधळ या दोन अक्षांची सरमिसळ झाल्यामुळेच होतो. कल्ल्यांच्या झाकणाची उघडझाप भरभर होऊ लागली की “घाबरला” असं लिहून आपण मोकळे होतो. पण खाद्याचा डबा दिसल्यावरही ती उघडझाप वाढते. वाढलेला श्वास फक्त उत्तेजना सांगतो. ती सुखाची की दुःखाची हे कळण्यासाठी मासा त्या गोष्टीकडे जातो की तिच्यापासून लांब जातो, तिच्यासाठी काही सोसायला तयार होतो का, हे बघावं लागतं. म्हणून प्रत्येक मापापुढे वहीत लिहा, हे कोणत्या अक्षाचं माप आहे. ते लिहिता येत नसेल तर माप बदला.

आधी टाकी, मग मन

आजारी माशाचं वागणं आणि घाबरलेल्या माशाचं वागणं बाहेरून पुष्कळ वेळा सारखंच दिसतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी लागला की मासा खडीवर अंग घासतो. प्राणवायू कमी पडला की पृष्ठभागाशी येऊन तोंड हलवत राहतो. अमोनिया वाढला की पर मिटून तळाशी बसतो. यांपैकी काहीही चालू असताना भावनांचा अभ्यास सुरू करणं म्हणजे माशावर अन्याय आहे. त्या वेळी त्याला औषधाची आणि चांगल्या पाण्याची गरज असते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, तापमान त्या जातीला मानवणारं, दिवा रोज ठरावीक वेळी चालू-बंद, आणि नवीन मासे आणले असतील तर निदान दोन आठवडे कसलीही परीक्षा नाही, हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

किती मासे आहेत हेही बघा. झेब्राफिश घोळक्याने राहणारा मासा आहे. तो एकटा ठेवला तर तुम्ही जे काही मोजाल त्यात एकटेपणाचा ताण मिसळलेला असेल. उलट, स्वतःची हद्द राखणाऱ्या माशांची गर्दी केली तर कमजोर मासा सतत पळत राहील आणि तुम्ही मोजाल ती फक्त त्याची पळापळ. जात निवडा, तिचं निसर्गातलं राहणं वाचा, आणि टाकी त्याला धरून लावा. लपायला जागा प्रत्येक जातीला द्याच.

आता तुम्ही स्वतः. तुम्ही काचेजवळ आलात की खाद्य येतं, हे मासे थोड्याच दिवसांत शिकतात. मग ते तुमच्याकडे धावत येतात आणि तुम्ही त्याला प्रेम म्हणता. तसं असेलही, पण असं तपासता येत नाही. मी नेहमी सांगते की कॅमेरा तिकाटण्यावर लावा, टाकीच्या बाकीच्या तीन बाजूंना बाहेरून साधा फिकट कागद लावा, चित्रण सुरू करून खोलीबाहेर जा, आणि पहिली काही मिनिटं मोजणीत धरू नका. फितीत वेळ दिसत राहील अशी सोय करा.

वहीतले शब्द

मापांची यादी पहिल्या दिवशीच करायची आणि प्रयोग संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही. ‘घाबरला’, ‘रुसला’, ‘मजेत’ हे शब्द यादीत येता कामा नयेत. त्याऐवजी असं लिहा: ‘गोठला: डोळे आणि कल्ले सोडून काहीही हलत नाही, किमान दोन सेकंद.’ ‘झेप: दिशा बदलत अचानक वेगाने पोहणं.’ ‘वर आला: पूर्ण शरीर पाण्याच्या वरच्या अर्ध्या भागात.’ ‘जवळ: शेजारचा मासा दोन शरीर-लांबींच्या आत.’ कल्ल्यांची उघडझाप पंधरा सेकंदांत किती, हे मंद गतीच्या फितीवर मोजा. काचेच्या बाहेरच्या बाजूला पाण्याच्या निम्म्या उंचीवर एक बारीक चिकटपट्टी लावली की वर-खालीचा वाद उरत नाही.

‘वर आला’ हे माप मी मुद्दाम घेतलं आहे. झेब्राफिशला अनोळखी टाकीत सोडलं की तो आधी तळ गाठतो आणि हळूहळू वर येऊ लागतो. प्रयोगशाळांमध्ये साधारण सहा मिनिटं हे बघतात: पहिल्यांदा वर यायला किती वेळ लागला, एकूण किती वेळ वर घालवला. माणसाची चिंता कमी करणारी काही औषधं दिली की मासा लवकर वर येतो, म्हणून हे माप चिंतेशी जोडलं जातं. घरी त्यासाठी माशाला जाळ्यात धरून दुसरीकडे टाकू नका. तुमच्याच टाकीत दगडांची मांडणी बदलली, किंवा नवी निरुपद्रवी वस्तू अलगद ठेवली, की तेच माप वापरता येतं.

निरीक्षणाची पद्धतही आधीच ठरवा. एका वेळी एकाच माशावर नजर ठेवणं, किंवा दर तीस सेकंदांनी सगळ्या टाकीची स्थिती टिपणं, दोन्ही चालतात. जे लक्ष वेधून घेईल ते टिपणं चालत नाही. प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जेन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये हे फार स्पष्ट मांडलं: डोळा नाट्यमय गोष्टींकडे जातो आणि शांतपणे घालवलेला वेळ वहीत येतच नाही. माशांच्या बाबतीत तो शांत वेळच अनेकदा महत्त्वाचा असतो. नोंदींसाठी बोरिस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. फीत चालू ठेवून एकेका वर्तनासाठी एकेक कळ दाबायची, एवढंच त्याचं काम. ते नको असेल तर आखलेली वही आणि पेन्सिलही पुरते.

माशाला निवड द्या

माशांच्या वेदनेबद्दलचं सगळ्यांत गाजलेलं काम लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल यांचं, २००३ सालचं. रेनबो ट्राउटच्या डोक्यावर इजा ओळखणारे चेताग्राहक आहेत, हे त्यांनी दाखवलं. मग ओठांत सौम्य आम्ल किंवा मधमाशीचं विष टोचल्यावर मासे तळाशी डोलू लागले, आम्ल टोचलेल्यांनी ओठ खडीवर घासले, आणि पुन्हा खायला त्यांना तीन तासांच्या आसपास वेळ लागला. नुसतं मिठाचं पाणी टोचलेले मासे सुमारे ८० मिनिटांत खाऊ लागले. हा मिठाच्या पाण्याचा गट नसता तर सुई टोचल्याचा परिणाम आणि आम्लाचा परिणाम वेगळा करताच आला नसता.

तरी मला याहून जास्त पटलेला पुरावा स्नेडन यांच्याच नंतरच्या कामातला आहे. झेब्राफिशना दोन कप्पे दिले. एकात झाडं, खडी, बघायला काहीतरी, दुसरा ओका. मासे अर्थातच सजवलेल्या कप्प्यात राहिले. आम्ल टोचल्यावरही तिथेच राहिले. मग ओक्या कप्प्याच्या पाण्यात लिडोकेन हे वेदनाशामक मिसळलं, आणि आम्ल टोचलेले मासे आवडती जागा सोडून तिकडे गेले. ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया म्हणणं अवघड आहे. आराम मिळावा म्हणून माशाने काहीतरी सोडून दिलं. त्याने किंमत मोजली.

वेदनेचा कोणताही प्रयोग घरी करायचा नाही. उपाशी ठेवणं, जाळ्यात कोंडणं, घोळक्यातल्या माशाला एकटं पाडणं, भीती बघायची म्हणून शिकारी मासा सोडणं, यांतलं काहीही नाही. प्रशिक्षित संशोधकांनाही त्यासाठी नैतिक समितीची मंजुरी लागते आणि मासे कमीत कमी वापरावे लागतात. पण किंमत मोजण्याची कल्पना सुखाच्या बाजूने घरी वापरता येते. टाकीच्या एका टोकाला दाट झाडं, दुसऱ्या टोकाला मोकळी वाळू. मासे कुठे किती वेळ राहतात ते आठवडाभर मोजा. मग बाजू बदला आणि पुन्हा मोजा. बाजू न बदलता काढलेला निष्कर्ष मी वाचतसुद्धा नाही, कारण मासे झाडांसाठी येतात की फिल्टरच्या प्रवाहासाठी, हे त्यातून कळतच नाही. त्यानंतर झाडांकडे जायच्या वाटेत रुंद छिद्राचा पडदा ठेवा, पुढच्या वेळी थोडं लहान छिद्र. अडकण्याइतकं लहान कधीच नको. कोणत्या टप्प्यावर ते जाणं सोडतात, त्यावरून इच्छेची तीव्रता कळते.

मधली वाटी

या अभ्यासातला माझा सगळ्यांत आवडता भाग हा. नैराश्यात असलेला माणूस संदिग्ध गोष्टीतून वाईट अर्थ काढतो, हे माणसांच्या मानसशास्त्रात माहीत होतं. एमा हार्डिंग, एलिझाबेथ पॉल आणि माइक मेंडल यांनी २००४ मध्ये ते उंदरांवर तपासलं: बेभरवशाच्या परिस्थितीत ठेवलेले उंदीर अर्धवट संकेतातून चांगलं काही निघेल अशी अपेक्षा कमी करत होते. प्राण्याला भाषा नसली तरी त्याच्या अंदाजातून त्याची मनःस्थिती डोकावते, ही मला या शास्त्रातली फार मोलाची अंतर्दृष्टी वाटते.

माशांवर हीच पद्धत फ्रान्समधल्या एका गटाने वापरली; ते काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. मासा होता कॉन्व्हिक्ट सिक्लिड, जोडीने राहणारा आणि पिल्लं दोघांनी मिळून सांभाळणारा. माद्यांना आधी डब्यांची झाकणं उघडायला शिकवलं: एका प्रकारच्या डबीत खाद्य असतं, दुसऱ्या प्रकारच्या डबीत नसतं. मग समोर ठेवली मधल्या प्रकारची, संदिग्ध डबी. ज्या माद्यांना स्वतः निवडलेल्या नराऐवजी नाकारलेल्या नराबरोबर ठेवलं होतं, त्यांनी ती डबी उघडायला जास्त वेळ घेतला. डबीचा आणि नराचा काहीही संबंध नाही. म्हणजे निवडलेल्या नराच्या अनुपस्थितीचा परिणाम डबीबद्दलच्या अपेक्षेत उतरला. मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबून पुन्हा पहिल्या पानावर गेले होते.

घरी हे असं करा. दोन लहान, उथळ, एकसारख्या वाट्या घ्या. टाकीच्या डाव्या टोकाला उतरवलेल्या वाटीत खाद्य असतं, उजव्या टोकाच्या वाटीत मिळत नाही. रिकाम्या वाटीच्या तळाशीही जाळीखाली तेच खाद्य दाबून ठेवा, म्हणजे वास दोन्हीकडे सारखा राहील. नाहीतर मासा वासावर जाईल आणि तुम्ही त्याला स्मरणशक्ती म्हणाल. एका वेळी एकच वाटी. वाटी तळाला टेकली की घड्याळ सुरू, माशाचं तोंड वाटीपासून एका शरीर-लांबीच्या आत आलं की बंद. दोन मिनिटांत आला नाही तर ‘आला नाही’ लिहून वाटी काढून घ्या. डाव्या-उजव्याचा क्रम आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा.

काही दिवसांत डाव्या वाटीकडे जाणं भराभर आणि उजवीकडे जाणं रेंगाळत होऊ लागेल. हा फरक दिवसामागून दिवस टिकून राहिला म्हणजे शिकवणं झालं. काही मासे शिकतच नाहीत. त्यांना वगळा, पण वगळल्याचं लिहा. आता मधोमध वाटी उतरवा. किती वेळात येतो? डावीच्या वेळेच्या जवळ असेल तर माशाला काहीतरी मिळेलसं वाटतंय, उजवीच्या जवळ असेल तर तशी अपेक्षा कमी आहे. मधली वाटी रोज वापरायची नाही. तिच्यात काही नसतं हे मासा दोन-चार वेळांतच शिकतो, आणि मग तिची संदिग्धताच संपते. बऱ्याच डाव्या-उजव्या फेऱ्यांमध्ये एखादीच मधली, एवढ्यावर थांबा.

यानंतर परिस्थिती बदला, आणि नेहमी चांगल्या दिशेने: झाडं वाढवा, झगझगीत दिवा मंद करा, लपायच्या जागा द्या. दोनेक आठवड्यांनी पुन्हा मधली वाटी. वेळ कमी झाला तर लगेच आनंदून जाऊ नका, आधी डाव्या वाटीची वेळ बघा. तीही तेवढीच कमी झाली असेल तर मासा फक्त जास्त भुकेला किंवा जास्त चपळ झालाय. डाव्या-उजव्याच्या वेळा जागच्या जागी आणि फक्त मधली बदलली, तरच ते अपेक्षेतलं अंतर. शिवाय आठवडे गेले म्हणून मासा सरावला, अशीही शंका राहते. तिच्यावर उपाय म्हणजे दोन टाक्या. एकीत बदल आधी, दुसरीत उशिरा. बदल जिथे जेव्हा केला तिथे तेव्हाच फरक पडला, तर शंका बरीच मिटते.

घोळक्याच्या माशांत आणखी एक अडचण आहे. एक मासा निघाला की बाकीचे मागे जातात. आठ मासे वाटीशी आले म्हणून आठ उत्तरं मिळाली असं नाही. ते एकच उत्तर आहे. टाकी एक तर माप एक, हे मोजणीत कायम धरा. एकाच टाकीतल्या माशांना वेगवेगळे साक्षीदार मानणारे कितीतरी निष्कर्ष मी बाजूला ठेवले आहेत.

सुखाकडेही बघा

भीती मोजायला सोपी, म्हणून अभ्यासही तिचेच जास्त झाले. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवलं की जखमी मिनो माशाच्या कातडीतून पाण्यात काहीतरी उतरतं आणि बाकीचे मासे पळतात. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या कामात, दुसऱ्याची घबराट पाहून झेब्राफिश स्वतः घाबरण्यासाठी ऑक्सिटोसिन लागतं असं दिसलं. माणसांतही जवळिकीशी जोडला जाणारा संप्रेरक हाच.

पण सुख शोधायला मला जास्त आवडतं. मार्टा सोआरेस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सर्जनफिश या समुद्री माशांसमोर, इतरांच्या अंगावरचे परजीवी खाऊन सफाई करणाऱ्या माशाच्या प्रतिकृती ठेवल्या, काही हलणाऱ्या, काही स्थिर. सर्जनफिश हलणाऱ्या प्रतिकृतीपाशी जाऊन अंग घासून घेत, आणि त्यांचं कॉर्टिसॉल कमी झालं. परजीवी निघत नव्हते, खायला मिळत नव्हतं, मिळत होता तो फक्त स्पर्श. निवड आणि शरीर दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तेव्हा पुरावा पक्का होतो, त्याचं हे सुंदर उदाहरण आहे.

खेळाबद्दल गॉर्डन बर्गहार्ट यांच्या पाच कसोट्या वापरा: वागण्याचा तत्काळ काही उपयोग नसावा, ते आपणहून केलेलं असावं, नेहमीच्या कामाच्या वागण्यापेक्षा रूपाने वेगळं असावं, पुन्हापुन्हा व्हावं, आणि प्राणी निवांत असताना व्हावं. त्यांच्या गटाने २०१५ मध्ये तीन सिक्लिड माशांची नोंद प्रसिद्ध केली, जे तळाला वजन असलेल्या तापमापकाला वारंवार धडका देत आणि तो पुन्हा उभा राही. तुमचा मासा बुडबुड्यांच्या धारेत पुन्हापुन्हा शिरत असेल तर पाचही कसोट्या लावून बघा. पाचवी विसरू नका. एकाच वाटेने काचेलगत अखंड येरझारा घालणारा मासाही पुनरावृत्तीच करत असतो, आणि ती बहुधा अडचणीची खूण असते.

मोजणाऱ्याचे डोळे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून प्रसिद्ध होता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये शोधून काढलं की घोडा विचारणाऱ्याच्या नकळत झालेल्या हालचाली टिपत होता. माशांच्या बाबतीत धोका उलट बाजूने असतो: मोजणाऱ्याला उत्तर आधीच हवं असतं आणि दोन सेकंदांचं थांबणं कधी ‘गोठला’ होतं, कधी ‘विसावला’. म्हणून फितींची नावं दुसऱ्या कुणाला बदलायला सांगा. कोणती फीत झाडांआधीची आणि कोणती नंतरची, हे मोजताना तुम्हाला कळता कामा नये. झाडं फितीत दिसणार असतील तर वाटीच्या चाचणीपुरता झाडं न दिसणारा भागच चित्रित करा. काही फिती दुसऱ्या व्यक्तीलाही मोजायला द्या. दोघांचं जुळत नसेल तर दोष माशात शोधू नका, व्याख्या घट्ट करा आणि पहिल्यापासून मोजा.

दुसऱ्यांचं काम वाचताना

भावनांवरचा कुठलाही शोधनिबंध हातात आला की मी चार गोष्टी शोधते: तुलनेचा गट कोणता, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, उत्तेजनेचं माप सुख-दुःखाचं म्हणून खपवलंय का, आणि हे दुसऱ्या कुणी करून पाहिलंय का. शेवटचा प्रश्न का, ते सांगते. २०१५ मध्ये सोनिया रे आणि सहकाऱ्यांनी ७२ झेब्राफिशवर काम केलं. निम्म्यांना जाळ्यात पंधरा मिनिटं कोंडून मग १८ ते ३५ अंश सेल्सिअस अशा वेगवेगळ्या तापमानांच्या कप्प्यांत मोकळं सोडलं. ते गरम पाण्याकडे गेले आणि त्यांचं अंग २ ते ४ अंशांनी तापलं. याला ‘भावनिक ताप’ म्हटलं गेलं आणि मोठी चर्चा झाली. मग टीका आली, आणि २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तपासलं तेव्हा तसा पुरावा मिळाला नाही. मला या गोष्टीचं वाईट वाटत नाही. शास्त्र असंच चालायला हवं. पण २०१५ ची बातमी अजून एकट्याने फिरत असते, तिच्यासोबत २०१९ चं उत्तर क्वचितच दिसतं.

विरोधकांना वाचणं टाळू नका. ब्रायन की यांचं म्हणणं असं, की वेदनेच्या जाणिवेसाठी सस्तन प्राण्यांसारखं मेंदूचं कॉर्टेक्स, म्हणजे बाहेरचा थर, हवं आणि माशाला ते नाही, म्हणून माशाला वेदना जाणवत नाही. जेम्स रोझ यांनीही २००२ पासून असाच आक्षेप घेतला. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो, कारण एकच काम वेगळ्या रचनेतूनही होऊ शकतं. स्पेनमधल्या संशोधकांनी गोल्डफिशमध्ये दाखवलं की अग्रमेंदूच्या एका विशिष्ट भागाला इजा झाली की मासा धोका टाळायला शिकत नाही. हा भाग सस्तन प्राण्यांच्या अमिग्डालाशी, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागाशी, जुळणारा मानतात. तरीही की आणि रोझ यांच्यामुळेच प्रयोग जास्त काटेकोर झाले, आणि त्यांचा आक्षेप समोर ठेवून स्वतःचा प्रयोग आखणं हा उत्तम सराव आहे. १९ एप्रिल २०२४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात अनेक शास्त्रज्ञांनी म्हटलं की मासे धरून सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांना जाणीव असण्याची निदान वास्तव शक्यता आहे. ‘शक्यता’ हा शब्द त्यांनी जपून वापरला आहे, आपणही जपून वापरावा.

निष्कर्षाचं वाक्य

शेवटी वहीत काय लिहायचं? ‘झाडं लावल्यावर मासे आनंदी झाले’ असं नाही. असं लिहा: ‘झाडं लावल्यानंतर दोन आठवड्यांनी मधल्या वाटीकडे यायला लागणारा वेळ कमी झाला. डाव्या आणि उजव्या वाटीच्या वेळा बदलल्या नाहीत. दुसऱ्या टाकीत झाडं उशिरा लावली, तिथे हा बदल उशिरा दिसला. सुखद, भावनेसारख्या अवस्थेशी हे जुळतं.’ त्याखाली, याच आकड्यांचा आणखी कोणता अर्थ लागू शकतो ते निदान दोन ओळींत लिहा: झाडांमुळे मधली जागा जास्त सुरक्षित वाटली असेल, किंवा प्रवाह बदलला असेल. मग त्यांतली एक शंका निवडा आणि पुढचा प्रयोग फक्त तिच्यासाठी आखा. फिती पुसू नका. काही महिन्यांनी व्याख्या सुधारेल, आणि त्याच फिती नव्या व्याख्येने पुन्हा मोजाव्या लागतील.